चर्चच्या हॉलमध्ये अर्ध्या दिवसाची बालवाडी सुरू करायची आहे, अनुभव सांगा

रानफूल_परळ
नमस्कार. आमचं चर्च परळ-लालबाग भागात आहे, मराठी मंडळी. रजिस्टरवर कुटुंबं भरपूर, पण निम्मी आता कल्याण, विरार, पनवेलला राहायला गेलीत आणि रविवारच्या उपासनेला लोकलने येतात. बाजूचा हॉल सोमवार ते शुक्रवार कुलूपबंद असतो. आठ पंखे, मागे छोटं किचन, पुढे चिंचेचं झाड, लोखंडी गेट.

माझ्याकडे कामाला येणाऱ्या ताई त्यांच्या साडेतीन वर्षांच्या मुलीला सोबत आणतात. ती माझ्या ओट्याखाली बसते, कांद्याची सालं एका डब्यातून दुसऱ्या डब्यात भरते, परत काढते, परत भरते. दोन तास. एकदा मी तिला वाटीभर राजमा आणि चवळी एकत्र करून दिली तर तिने एकेक दाणा वेगळा केला, आणि मग माझ्याकडे असं बघितलं की आता पुढचं काय. त्या दिवसापासून डोक्यात आहे की आपला हॉल रिकामा का पडलाय.

पास्टरेट कमिटीत विषय काढला. पाळकसाहेब लगेच हो म्हणाले, बाकीचे म्हणाले आधी माहिती काढा. तर माहिती काढतेय. सकाळी ९ ते १२, वय ३ ते ५, सगळ्यांसाठी खुली, फी कमी. परवानग्या काय लागतात, मराठी ठेवावी की इंग्लिश, खर्च कसा भागतो आणि कुठे ठेच लागते हे ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

गिरणगावकर
अभिनंदन ताई, विचार छानच आहे. पण एक विचारतो, ९ ते १२ कोणाच्या सोयीचं ठरवलंत? कामवाल्या ताई साडेसातला घराबाहेर पडतात आणि दीडला परत येतात. नऊला मुलीला सोडायला कोण येणार आणि बाराला न्यायला कोण?

पेरूचीफोड
+१. आमच्या चाळीत हेच झालं होतं. ज्यांच्यासाठी काढली त्यांची मुलं आलीच नाहीत, ज्यांच्या घरी आजी होती त्यांचीच आली.

अनघा_ठाणे
बावीस वर्षं बालवाडीत काढली, आता रिटायर. थोडं मोठं लिहिते.

मुलाच्या बाजूने बघाल तर तीन तास पुरेत. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाची खाजगी प्ले स्कूलसाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत त्यातही तीन ते चार तासच सांगितलेत, २० मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस, आणि तीन वर्षांच्या आतलं मूल घ्यायचं नाही. एकटी बाई ठेवून मावशीचे पैसे वाचवायला जाऊ नका. एक मूल शू ला गेलं की बाकीच्या एकोणीस जणांकडे कोण बघणार? हे मी स्वतः एक वर्ष भोगलंय.

पहिले पंधरा दिवस तीन तास ठेवूच नका. पहिले दोन दिवस आईसकट अर्धा तास, मग एक तास, मग दीड. आईने गुपचूप सटकायचं नाही, सांगून जायचं, मूल रडलं तरी सांगून. गुपचूप गेलेल्या आईचं मूल दुसऱ्या दिवशी तिचा पदर सोडत नाही. आमच्याकडे एक आजोबा होते, नातू रडेल म्हणून ते पायरीवर बसायचे, आम्ही त्यांना महिनाभर बसू दिलं. एक दिवस नातूच बाहेर येऊन म्हणाला आबा तुम्ही आता घरी जा, मला काम आहे.

आणि खेळणी विकत घेत सुटू नका. ताईंच्या मुलीने तुमच्या ओट्याखाली जे केलं तेच बालवाडीत करायचं असतं. वेगळं करणं, भरणं, ओतणं, ओवणं. चिंचोके, शंख, बाटल्यांची झाकणं, जुन्या साडीची बटणपट्टी, छोटा तांब्या आणि दोन पेले. तुमच्या दारात चिंचेचं झाड आहे, निम्मं साहित्य तिथेच पडलंय.

गिरणगावकर
"मला काम आहे" 😄 आमच्या ऑफिसात पण असा एक हवा.

केदार_१२
कागदपत्रांचं मी सांगतो, ट्रस्टच्या अकाउंटचं काम करतो.

पहिलं हे ठरवा की बालवाडी चर्च स्वतः चालवणार की हॉल दुसऱ्या कोणाला चालवायला देणार. स्वतः चालवणार असाल तर तुमच्या ट्रस्टच्या उद्देशांत शिक्षण आहे का ते ट्रस्ट डीडमध्ये बघा, बहुतेक असतं. दुसऱ्याला देणार असाल तर सांभाळून. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५०, कलम ३६, इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या लीजवर द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. ती न घेता केलेला व्यवहार टिकत नाही आणि मग विश्वस्त वरळीच्या ऑफिसात खेपा घालत बसतात.

दुसरं, २०२५ मध्ये शालेय शिक्षण विभागाने खाजगी पूर्वप्राथमिक केंद्रांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलंय, ती करून टाका. फायरचं स्थानिक अग्निशमन केंद्रात जाऊन विचारा, तळमजला असेल तर खूप गोष्टी सोप्या होतात. जीएसटीची काळजी नको, प्री-स्कूल शिक्षण करमुक्त आहे. पण हॉल लग्नाला भाड्याने देता त्याचा हिशोब वेगळा ठेवा, बालवाडीचं वेगळं बँक खातं काढा. हे पहिल्या दिवसापासून.

आणि बाई, मावशी, वॉचमन, तबला शिकवायला येणारे सर, सगळ्यांचं पोलीस व्हेरिफिकेशन. चर्चमधलेच आहेत, लहानपणापासून ओळखतो, असं म्हणून कोणालाही सोडायचं नाही. पोक्सो कायद्यात, २०१२ चा, मुलावर अत्याचार झाल्याचं कळूनही न कळवणं हाच गुन्हा आहे. १०९८ नंबर गेटवर मोठ्या अक्षरात लावा.

रानफूल_परळ
केदार, खूप आभार, हे सगळं कमिटीपुढे ठेवते. तबला सर कुठून आले पण? 😀

केदार_१२
येतील. प्रत्येक बालवाडीत दुसऱ्या वर्षी कोणीतरी तबला सुचवतंच.

वसईकर
आमच्याकडे धर्मग्रामाच्या जागेत सिस्टर बालवाडी चालवायच्या, मी तिथलाच. वाडीतली सगळी पोरं एकत्र, आमची, भंडारी, आगरी, आदिवासी पाड्यातली. सिस्टर आमच्याशी घरच्या कादोडीत बोलायच्या आणि हळूहळू पुस्तकातल्या मराठीत आणायच्या. मला पहिलीत गेल्यावर कळलं की ह्या दोन वेगळ्या बोली आहेत.

तुम्ही हॉल म्हणताय म्हणून एक प्रॅक्टिकल सांगतो. रविवारी हॉलमध्ये लग्नाचं रिसेप्शन झालं की सोमवारी सकाळी काय असतं तिथे? कोपऱ्यात बिर्याणीचा वास, खुर्च्यांची चळत, फरशीवर मुंग्या आणि टाचण्या. डेकोरेशनवाले टाचण्या टाकून जातात आणि मुलं अनवाणी असतात. आमच्याकडे नियम होता, रविवारी हॉल घेणाऱ्याने रात्रीच झाडून पुसून द्यायचा, नाहीतर डिपॉझिट गेलं. शिवाय सोमवारी मावशी आठला येऊन लोहचुंबक बांधलेली काठी फिरवायच्या. ती काठी फिरवायला आम्हा पोरांमध्ये मारामारी व्हायची.

जास्वंद
मी स्पष्ट विचारते, कोणाला दुखवायचा हेतू नाही. मी हिंदू, मुलगा तीन वर्षांचा, राहायला परळलाच. घराजवळ कमी फीमध्ये चांगली बालवाडी निघाली तर मला हवीच आहे. पण चर्चमध्ये म्हटलं की सासूबाई पहिलं हेच विचारणार की तिथे प्रार्थना कुठली म्हणवून घेणार. आणि खरं सांगायचं तर मीही विचारणारच. ह्याचं उत्तर तुमच्याकडे तयार आहे का?

रानफूल_परळ
जास्वंद, विचारलंत ते बरं केलंत, मनात ठेवण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. कमिटीतही ह्यावर तासभर बोलणं झालं. आमच्या एका ज्येष्ठ काकांचं म्हणणं होतं की आपल्या छताखाली आहे तर येशूचं एक गाणं तरी असावं. माझं म्हणणं, संडे स्कूल आपलं रविवारी आहेच, ते आपल्या मुलांसाठी. सोमवार ते शुक्रवार हॉलमध्ये येणारं मूल हे शेजाऱ्याने विश्वासाने आपल्या हातात दिलेलं मूल आहे. त्याच्या आईला न विचारता त्याच्या तोंडी काही घालायचा मला हक्क नाही. डबा खायच्या आधी सगळे मिनिटभर शांत बसतील आणि ज्यांनी डबा करून दिला त्यांना थँक्यू म्हणतील, एवढंच. नाताळ होईल, दिवाळीचा किल्लाही होईल, ईदचा शीरखुर्माही होईल. हे प्रवेशाच्या फॉर्मवरच लिहून देऊ. तुमच्या सासूबाईंना घेऊन या, हॉल दाखवते, चहा घेऊ.

केदार_१२
ह्याला आधारही आहे. संविधानाचं कलम २८(३), सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात बसवता येत नाही. तुम्ही अनुदान घेणार नसाल तरी तोच नियम लावून घ्या, वाद राहत नाही.

मोरपंखी
शिक्षणाचा इतिहास वाचायची आवड आहे म्हणून थोडं विषयांतर करते. मुंबईत मिशन आणि शाळा हे नातं जुनं आहे. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये इथे आलं आणि १८२४ मध्ये त्यांनी मुंबईत मुलींची शाळा काढली. सिंथिया फॅरार ह्या अविवाहित बाई त्यानंतर तीन वर्षांनी बोटीने आल्या, मुंबईत आणि नंतर अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते नगरला त्यांच्याकडेच.

पण बालवाडीसाठी तुम्ही बघायला हवं ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांच्याकडे. ताराबाईंनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलं, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. माँटेसोरीची पद्धत त्यांना पटली होती पण ते महागडं साहित्य आपल्या खेड्यात कुठून आणणार, म्हणून १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी काढली तेव्हा पानं, बिया, शिंपले, माती हेच साहित्य केलं. मुलं शाळेत येईनात तर शाळा त्यांच्या पाड्यावर अंगणात नेली, ती अंगणवाडी. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. गिरणगावकरांच्या प्रश्नाचं उत्तर मला ह्यात दिसतं. मूल ज्या वेळेला आणि जिथे मोकळं आहे ती वेळ आणि ती जागा आपली.

पेरूचीफोड
अनघाताईंचे चिंचोके थेट बोर्डीहून आलेत म्हणजे.

अनघा_ठाणे
अगदी. कोसबाडला ट्रेनिंगच्या निमित्ताने आठ दिवस राहिले होते मी, तिथेच शिकले.

निशिगंध
मी वेगळं बोलणार आहे. मराठी माध्यम, चिंचोके, सगळं ऐकायला छान आहे, पण ताई ज्या आईसाठी हे करतायत तिला जाऊन विचारा तिला काय हवंय. तिला इंग्लिश हवंय. मी स्वतः चाळीत वाढले, आई दोन घरची पोळ्या-भाजीची कामं करायची आणि तिचा एकच हट्ट होता, माझी पोरगी ए बी सी डी म्हणत घरी आली पाहिजे. पहिलीला इंग्लिश माध्यमात टाकायचं तर आधी काहीतरी कानावर पडलेलं हवं. आपली मुलं आपण इंग्लिशमध्ये घालायची आणि कामवाल्या ताईच्या मुलीला मराठीत ठेवायचं, हे मला पटत नाही. राग मानू नका.

अनघा_ठाणे
निशिगंध, राग कशाला, तुझ्या आईचा हट्ट बरोबर होता. फक्त एक सांगते. तीन वर्षांच्या मुलाला शू लागली, भूक लागली, पोटात दुखतंय, कोणीतरी मारलं, हे सांगायचं असतं. ते ज्या भाषेत सांगू शकतं त्या भाषेत ऐकणारी बाई हवी. मी इंग्लिश प्ले ग्रुपमध्येही एक वर्ष काम केलंय, तिथे एक मुलगा रोज अकराला रडायचा, टीचर व्हाय आर यू क्राइंग विचारायची, त्याला सांगता यायचं नाही. त्याच्या बुटात खडा जायचा रोज, वाळूतून खेळून आल्यावर. एवढंच होतं.

म्हणून बोलणं मराठी-हिंदी, जे मूल आणेल ते. आणि रोज अर्धा तास इंग्लिश, गाणी, रंग, प्राणी, प्लीज-थँक्यू. लिहिणं अजिबात नाही. नव्या शैक्षणिक धोरणातही, २०२० च्या, तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा धरलाय आणि घरच्या भाषेवर भर आहे. पेन्सिल धरायची बोटं आधी मणी ओवून तयार होऊ देत.

निशिगंध
अर्धा तास रोज नक्की, तर चालेल. पण बोर्डवर "इंग्लिशही" असं लिहा, नाहीतर आया येणार नाहीत.

केदार_१२
पैशांवर कोणीच आलं नाही म्हणून मीच येतो. समजा २० मुलं, फी महिना ९००. महिन्याला १८,०००. बाईंना १२,०००, मावशींना ८,००० धरले तर २०,००० तिथेच गेले. कमिट्या इथे म्हणतात दोनच हजार कमी पडतात, भरून काढू. पण फी येते दहा महिने आणि पगार द्यायचा बारा महिने. म्हणजे वर्षाला १,८०,००० जमा आणि २,४०,००० खर्च, खड्डा ६०,००० चा. त्यात लाइट, फिनाइल, खाऊ, औषधपेटी अजून धरलेलं नाही.

अनघा_ठाणे
आणि बाईंना १२,००० मुंबईत खूप कमी आहेत केदार. एप्रिल-मेचा पगार कापायचा विचार तर कोणी मनातही आणू नये. माझा कापला जायचा. बावीस वर्षांत बावीस उन्हाळे मी शिकवण्या घेऊन काढले.

केदार_१२
मान्य, मी कमीत कमी धरून दाखवलं. १५,००० केले तर खड्डा ९६,००० होतो. म्हणून सांगतोय, सुरू करायच्या आधी तीन वर्षांचा खड्डा भरायची सोय लिहून घ्या. लग्नाच्या हॉलच्या भाड्यातला ठराविक हिस्सा बालवाडीला, असा ठरावच करा.

सायली_वरळी
आमच्याकडे फी तीन पायऱ्यांची आहे. ज्याला जमेल त्याने पूर्ण, कोणी अर्धी, कोणी महिना १००. कोण किती देतं ते फक्त एका व्यक्तीला माहीत असतं, बाईंनाही नाही. फुकट मात्र कोणालाच नाही, १०० देणारी आई आम्हाला मीटिंगमध्ये हक्काने प्रश्न विचारते.

जवळ सरकारी अंगणवाडी आहे का ते आधी बघा, हे महत्त्वाचं. एकात्मिक बालविकास योजना १९७५ पासून आहे, तिथे मुलाला पोषण आहार मिळतो, वजन-उंची होते, लसीकरणाकडे लक्ष असतं. तुमच्याकडे आलेल्या मुलाचा तो आहार सुटता कामा नये. सेविकाताईंना भेटा, त्यांची मुलं पळवायला आलो नाही हे सांगा. आम्ही भेटलो नव्हतो आणि पहिलं वर्ष त्या आमच्यावर रागावून होत्या, बरोबरच होतं त्यांचं.

आणि न्यायला येणाऱ्याचं कार्ड. एका बालवाडीत, नाव नको, माझ्या भाचीला शेजारच्या ओळखीच्या माणसाकडे देऊन टाकलं होतं, आई गेटवर पोचली तर मूल नाही. वीस मिनिटांनी सापडली, त्याच्या घरी बिस्कीट खात बसली होती. ती वीस मिनिटं माझी बहीण अजून विसरलेली नाही. फोटोचं कार्ड नसेल तर मूल द्यायचं नाही, सख्खा मामा असला तरी.

गिरणगावकर
एक प्रश्न राहिलाच. चर्च आहे, मधल्या वारी अंत्यविधी असला तर? अकरा वाजता पेटी आली आणि हॉलमध्ये वीस मुलं गाणी म्हणतायत.

वसईकर
हे आमच्याकडे व्हायचंच. बहुतेक वेळा सिस्टर आधी मागच्या अंगणात न्यायच्या. पण एकदा आम्ही बघितलं. मी चार वर्षांचा असेन. घंटा वेगळी वाजत होती, एकेक टोला, मध्ये खूप वेळ. एकाने विचारलं पेटीत काय आहे. सिस्टरनी लपवलं नाही, म्हणाल्या की अमक्या आजी वारल्या, त्यांना निरोप द्यायला सगळे आलेत. मग आम्ही विचारलं की आजीला पेटीत अंधार वाटेल का. सिस्टर म्हणाल्या नाही वाटणार, आता त्यांना काही दुखतही नाही. मग त्यांनी आम्हाला ओळीने गेटच्या आत उभं केलं, पेटी जाईपर्यंत कोणी बोललं नाही, आणि आत जाऊन आम्ही राहिलेला डबा खाल्ला. माझ्या डब्यात तूप-साखरेची पोळी होती, हे मला अजून आठवतं. घाबरल्याचं आठवत नाही.

रानफूल_परळ
वसईकर, हे वाचून थोडा वेळ काहीच लिहिता आलं नाही. बाईंच्या मुलाखतीत हाच प्रश्न विचारणार आहे, मुलांनी पेटी बघितली तर काय सांगाल.

जास्वंद
मी काल सासूबाईंना घेऊन जाऊन आले. रानफूल ताईंनी सगळा हॉल दाखवला. सासूबाईंनी प्रार्थनेचं विचारलंच नाही, त्या थेट संडासात गेल्या आणि म्हणाल्या, हे भांडं मोठ्यांचं आहे, पोरं आत पडतील. 🙏

रानफूल_परळ
आजींचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

काल कमिटीची मीटिंग झाली, काय ठरलं ते लिहिते. बालवाडी चर्च स्वतः चालवणार, वेगळं खातं, हॉलच्या भाड्यातला हिस्सा देण्याचा तीन वर्षांचा ठराव झाला. बाईंना १५,००० बारा महिने, आणि हे त्या काकांनीच सुचवलं ज्यांना गाणं हवं होतं. फी तीन पायऱ्यांची. जूनमध्ये बारा मुलांपासून सुरुवात, वीसच्या वर कधीच नाही. ३१ डिसेंबरपर्यंत तीन पूर्ण होणारी मुलं शासनाच्या नियमाने नर्सरीला चालतात, पण आम्ही प्रवेशाच्या दिवशी तीन पूर्ण असलेलीच घेणार. पुढच्या आठवड्यात अंगणवाडीच्या सेविकाताईंकडे जातेय.

आणि वेळ. मी आणि महिला मंडळातल्या दोघी चाळीत जाऊन अकरा आयांना भेटलो. अकरापैकी सात जणींनी सांगितलं नऊ जमणार नाही. म्हणून वर्ग साडेनऊ ते साडेबारा, पण गेट पावणेआठला उघडणार आणि दीडला बंद होणार. महिला मंडळातल्या रिटायर झालेल्या चौघींनी आळीपाळीने दोन-दोन जणी बसायचं कबूल केलंय, त्यांचंही व्हेरिफिकेशन होणार, एकीचे मिस्टर पोलीसात होते तरी. त्या वेळात शिकवणं काही नाही, चटई, ठोकळे, झोप आली तर झोप. गिरणगावकर, तुम्ही पहिल्याच उत्तरात विचारलं नसतंत तर आम्ही नऊलाच उघडून बसलो असतो.

ताईंच्या मुलीचा फॉर्म पहिला भरला. जन्मदाखल्यावरचं नाव मला पहिल्यांदाच कळलं, आम्ही इतके दिवस तिला बाळीच म्हणत होतो.

आता राहिला तो संडास. छोटी भांडी बसवायला प्लंबरने जो आकडा सांगितला तो ह्या वर्षी झेपणारा नाही. कोणाला काही सुचतंय का?

अनघा_ठाणे
भांडी बदलू नका. वर ठेवायची छोटी सीट बाजारात मिळते ती घ्या, आणि पायाखाली लाकडी पाट, दोन पायऱ्यांचा, खाली रबर लावलेला म्हणजे सरकत नाही. पाय टेकले की मूल घाबरत नाही. हात धुवायच्या बेसिनपुढेही तसाच एक.

गिरणगावकर
पाट मी देतो. वडील गिरणीत सुतारखात्यात होते, त्यांची हत्यारं अजून आहेत आणि मला येतं थोडंफार. उंची काय हवी ती मोजून सांगा, जमिनीपासून भांड्याच्या कडेपर्यंत. किती पाट?

रानफूल_परळ
तीन. भांड्याची कड सोळा इंच, बेसिन एकतीस. शनिवारी चारनंतर हॉल उघडा असतो.

गिरणगावकर
शनिवारी येतो. कडा गोल करून आणतो.